लोकरीचे मोजे आणि तीन औंस

क्रॅगशॉ
शनिवार, १५ नोव्हेंबर १९७५

तीर्थरूप एनॉकमामांच्या चरणी,

क्लिफर्डचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द उगाच लिहीत नाही. गेल्या महिन्यात कालव्याकाठच्या चिखलात मी तो आठही अंगांनी घातला. तोही तुम्हालाच होता असं समजावं. हकीकत पुढे येईलच.)

तुमचा खुबा कसा आहे? हिल्डाताईच्या पत्रावरून कळलं की आता लेकीच्या घरून काठी टेकत तुम्ही धक्क्यापर्यंत जाता आणि तिथे समुद्रात गळ टाकून बसलेल्या परक्या माणसांना, त्यांनी विचारलेलं नसताना, त्यांचं काय चुकतंय ते सांगता. वाचून आम्हा दोघांना फार समाधान वाटलं. माणूस दुसऱ्याच्या चुका काढायला लागला की दुखणं उतरणीला लागलं असं समजायला हरकत नाही. इकडे म्युरिएल बरी आहे, दुकान बरं चाललंय, पाऊस आहे. (पाऊस बरा आहे असं नाही. नुसता आहे.)

आता मुद्द्याचं. मामा, सप्टेंबरपासून मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत थापा मारल्या. तुम्ही एकतीस वर्षं आपल्या मासेमारी क्लबच्या सहा जणांच्या संघात बसलात, आणि खुब्यानं दगा दिला तेव्हा सेक्रेटरी हॉल्ड्सवर्थसाहेबांना म्हणालात, ‘माझ्या जागी माझ्या बहिणीचा क्लिफर्ड घ्या. त्याचं मी बघतो.’ गिऱ्हाईक गंजकी बिजागरी दुकानात परत आणतं तेव्हा मी तिच्याकडे जसा बघतो, तसं साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पण शब्द तुमचा, म्हणून घेतलं. आता असा शब्द टाकणाऱ्या मामाला ‘मी शेवटून पहिला आलो’ हे कोणत्या तोंडानं लिहायचं? म्हणून लिहिलं नाही. दुसरंच लिहिलं.

पहिल्या स्पर्धेनंतर मी कळवलं होतं की चौथा आलो. खरी गोष्ट अशी की चिठ्ठीत मला कालव्याकाठी बसायला सतरा नंबरची खुंटी आली, आणि तिच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठावर, हॉथॉर्नचं एक आडदांड काटेरी झुडूप. मासे झुडपाच्या सावलीत असतात असं तुम्हीच शिकवलेलं, म्हणून मी गळ सावलीत टाकायला गेलो तो झुडपात. हिसडा दिला, दोरा तुटला. दुसरा बांधला, तोही झुडपात. पाच तासांच्या स्पर्धेतले चार तास माझी लढत त्या झुडपाशीच चालली होती, आणि सांगायला वाईट वाटतं, झुडूप जिंकलं. माझ्या दोऱ्याच्या सहा तरंग्या, लाल टोकांच्या, त्याच्यावर एका ओळीत लोंबत होत्या. शेजारच्या खुंटीवरचा म्हातारा म्हणाला, ‘पोरा, नाताळाला अजून अवकाश आहे रे!’ उरलेल्या तासात दोन बोटभर मासे लागले. पण साहेब वजनकाटा घेऊन काठाकाठानं येताना दिसले, मागे सात-आठ बघे, आणि मला वाटलं, एवढंसं वजन चारचौघांत करून घ्यायचं? मी मासे ठेवायची जाळी हळूच उलटी केली, मासे पाण्यात सोडले आणि खांदे उडवले. वहीत ‘वजन नाही’ लागलं. (दिवसभर दुकानात लोकांचे खिळे अर्ध्या औंसापर्यंत तोलणाऱ्या माणसाला स्वतःचे दोन मासे तोलवेनात. बघा.)

तुमचं उत्तर आलं: ‘चौथा आलास, आनंद झाला.’ सोबत पुडक्यात तरंग्या. मोजून सहा. मी म्युरिएलला म्हटलं, मामा किती दिलदार आहेत! सहाच का, हे मला सुचलंच नाही. तुमच्या बहिणीच्या घराण्यात हुशारी मुलींकडे जाते हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसऱ्या स्पर्धेत मी ठरवलं की आता किरकोळ माशांच्या नादी लागायचं नाही, थेट ब्रीम मासा धरायचा, परातीएवढा. त्यासाठी कोट अडकवायला चालेल एवढा गळ घेतला आणि त्याला पावाचा लिंबाएवढा गोळा लावला. आपला कालवा तुम्हाला माहीत आहे. त्यातला बराचसा मासा त्या गोळ्याहून लहान. दोन्ही बाजूंचे लोक बारीक गळाला एकेक अळी लावून बोटभर गजन मासे टपाटप काढत होते आणि मी धीरगंभीर चेहऱ्यानं पाच तास माझ्या पावाची राखण केली. संध्याकाळी तो पाव सुखरूप होता. वहीत पुन्हा ‘वजन नाही’, तुम्हाला पत्रात ‘दुसरा आलो’. त्यावर तुमच्याकडून बारीक गळांचं पाकीट आलं आणि पत्र्याचा एक डबा. आत चिठ्ठी: ‘दुसरा आलेल्यालाही लागतील. चिमूटभर टाक, पण सारखं टाक.’ आता तो डबा तुमच्या तिकडच्या ब्रिडलिंग्टनच्या टॉफीचा होता ही गोष्ट तुम्ही बाहेर लिहायला हवी होती. मी दुकानात होतो. टॉफी म्हणून म्युरिएलनं उघडला. अळ्यांना चार दिवसांच्या टपालप्रवासानंतर बाहेरची हवा मिळाली आणि त्या सगळ्या एकदम निघाल्या. मी घरी आलो तेव्हा ती खुर्चीवर उभी होती. एवढंच म्हणाली, ‘तुझ्या मामांना लिही, पुढच्या वेळी मेलेलं काहीतरी पाठवा म्हणावं.’ साखरेच्या बरणीमागे परवापर्यंत सापडत होत्या.

तिसऱ्या स्पर्धेत मात्र मी शहाणा होतो. बारीक गळ, एकेक अळी, आणि पाण्यात चारा म्हणून अळ्या, चिमूटभर आणि सारखं. अकरा गजन जाळीत होते, मामा, अकरा! इतक्यात कोळशाची नाव आली. रीत अशी की नाव आली की गळाची काठी मागे ओढायची. ती ओढताना माझा पाय घसरला आणि वर सांगितलेला नमस्कार घडला. तिथून मी घरंगळत कमरेइतक्या पाण्यात, आणि जाळीला लाथ बसून अकराही गजन आपापल्या घरी. नावाड्यानं टोपी काढून मला अभिवादन केलं. ‘वजन नाही.’ या वेळी साहेब पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले, ‘क्लिफर्ड, आणखी एकदा मला हे लिहायला लावलंस ना, तर संघात तुझ्या जागी दुसऱ्याचं नाव येईल. आणि एनॉकला ते मी स्वतः कळवीन, त्याची नजर आता गेली म्हणून.’ मला काही म्हणा. पण एकतीस वर्षांनंतर माझ्यापायी तुमची नजर गेली म्हणणार! त्या रात्री मी तुम्हाला लिहिलं की माझ्या विभागात पहिला आलो.

आणि तुम्ही मोजे पाठवलेत. हिल्डाताईनं विणलेले, करडे, जाड. चिठ्ठीत एकच ओळ: ‘जिंकणाऱ्याचे पाय कोरडे असावेत.’ मोजे गुंडाळले होते आपल्या गावच्या साप्ताहिकाच्या पानात. ते पान मी चुलीत घालणार तोच म्युरिएलनं हात धरला. तिनं बोट ठेवलं तिथे छापलेलं होतं, क्लिफर्ड ऑल्डरॉइड, वजन नाही. आणि खाली बातमीदारानं, जागा शिल्लक होती म्हणून असेल, मी पाण्यात पडल्याचंही दिलं होतं. ‘त्यांच्याकडे दर शुक्रवारी पेपर जातो, अरे,’ ती म्हणाली. ‘त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे, झुडपावरच्या तरंग्यांसकट.’

मामा, मी ते मोजे टेबलावर ठेवले आणि शेजारी तुमचं बाकीचं मांडलं. सहा तरंग्या, बारीक गळ, मोजे. मी जिंकल्याची थाप मारायची आणि तुम्ही ‘छान, छान’ म्हणत हरलेल्याला नेमकं जे हवं ते पाठवायचं. एका शब्दानं मला उघडं पाडलं नाहीत. माझा बाप असता तर कान उपटले असते, आणि ते बरोबरच झालं असतं. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. लाज बाकीच्याची वाटते.

तर गेल्या रविवारी शेवटची स्पर्धा झाली. ऑटरक्लफचा संघ आणि आपण, दोघांत चषक. हिशेब तुम्हाला पाठ आहे: काठाचे सहा विभाग, प्रत्येकात आपला एक धरून आठ जण, पहिल्याला आठ गुण, तसे उतरत शेवटच्याला एक, आणि ‘वजन नाही’ म्हणणाऱ्याला भोपळा. माझ्या शेजारच्या खुंटीवर त्यांचा सेड्रिक क्रॅबट्री, हिवाळी स्पर्धांचा दोनदा विजेता, ज्याच्या नुसत्या बसण्याच्या खोक्याला आमच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त खण आहेत. थंडी अशी की कडेनं पाणी गोठायला आलेलं. मासा तोंड उघडायला तयार नाही. मी तुमचे मोजे घालून, चिमूटभर आणि सारखं, पायाजवळच्याच पाण्यात, हॉथॉर्नकडे ढुंकूनही न बघता, पाच तासांत चार गजन धरले. क्रॅबट्रीला पाच-सहा मिळाले असावेत. शिटी झाली, काटा आमच्या दिशेनं निघाला, तसं त्यानं इकडेतिकडे बघून आपली जाळी पाण्यात उलटी केली. मग मला म्हणाला, ‘सोड रे तूही. एवढ्याशासाठी काय काटा भिजवायचा? लोक हसतील.’

मामा, माझा हात जाळीवर होता. खोटं कशाला सांगू, अर्धी तिरपी झालीही होती. पण पाय उबदार होते. पाच तास त्या थंडीत बसूनही माझे पाय उबदार होते, आणि ते कुणामुळे हे विसरणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, ‘हसू देत. माझा मामा पेपर वाचतो.’ त्याला काही कळलं नाही. हॉल्ड्सवर्थसाहेबांनी जाळीतलं पाणी निथळू दिलं, चष्मा पुसला, काट्याला नाक लावलं. बघे हसले, चांगले पोटभर हसले. साहेब हसले नाहीत. पेन्सिल जिभेला लावून त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: तीन औंस. विभागात सातवा. दोन गुण.

चषक आपण एका गुणानं जिंकला.

क्रॅबट्रीनं ते पाच-सहा मासे ठेवले असते तर चषक त्यांचा होता. त्याला हॉटेलात कोपऱ्यात एकटा बसलेला बघून मला हसू येईना. मी त्याला बिअर पाजली. जाळी उलटी करायचं काम मी त्याच्यापेक्षा जास्त वेळा केलंय (लाथेची धरून). साहेब माझ्याजवळ आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘एनॉकची नजर शाबूत आहे.’ हे शब्द माझे नाहीत, मी फक्त पोचवतोय. उपकार वगैरे शब्द तुम्हाला आवडत नाहीत. पण मामा, तुमचे माझ्यावर आहेत, आणि ते असू द्यावेत, मला त्यांची सवय झालीय.

हिल्डाताईला नमस्कार, तिच्या मुलांना आशीर्वाद. खुब्याला जपा. धक्क्यावरच्या लोकांना जपू नका.

आपला आज्ञाधारक (आतापासून),
क्लिफर्ड

ता. क. चषक कुणी घ्यायचा यावर समितीत चर्चा झाली. येत्या २९ तारखेला, शनिवारी, क्लबात जेवण आहे (मटण-बटाट्याचं हॉटपॉट आणि लाल कोबीचं लोणचं), तेव्हा तो तुम्हीच स्वीकारावा ही माझी विनंती. हिल्डाताईचे यजमान गाडीनं आणतील, मी त्यांना विचारलंय. जिना अकरा पायऱ्यांचा आहे; खाली मी आणि साहेब उभे राहू. नाही म्हणू नये. तुमचा होकार मी सोमवारीच कळवून टाकला आहे. ही या वर्षातली माझी शेवटची थाप. ती खरी करणं तुमच्या हातात आहे.

ता. क. म्युरिएल म्हणते, येताना डबा आणू नये. आणलाच तर तिच्यासमोर उघडून दाखवावा.

ता. क. सोबत तिनं केलेला आल्याचा केक पाठवतोय. तो कालच्या पेपरच्या पानात गुंडाळला आहे. तुमचा अंक आला असेलच, तरी हे पान जपून उलगडावं. माझं नाव शोधताना यादी खालून वाचायला घ्या, दुसरंच आहे. आणि वर मी तीन औंस लिहिलंय, साहेबांच्या तोंडीही तेच घातलंय. ते अडीच होते. छापलंय तेच खरं.