डोंगराला नावं ठेवणारी माणसं

आई, तू गेलीस तेव्हा बर्फ म्हणजे सरबताच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी, एवढंच मला ठाऊक होतं. आता इथे अमेरिकेत, श्रूजबरीला तो खिडकीबाहेर गुडघाभर पडलाय आणि मी मेथी निवडायची सोडून तुला लिहायला बसले आहे. निमित्त नातीचं झालं. आता ती चांगली मोठी झाली, नोकरी करते. काल फोनवर मध्येच म्हणाली, "आजी, तू त्या डोंगरावर पिवळ्या कार्डावर काय लिहिलं होतंस गं? यू नेव्हर रिअली टोल्ड मी." तिला मी काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी तुला सगळं नीट सांगते.

पोराच्या ऑफिसात दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटरांचं काय होणार म्हणून सगळे हवालदिल झाले होते, त्या दिवसांतली गोष्ट. मी सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते आणि ती मुदत एकदा वाढवूनही झाली होती. पोरगा इथला नागरिक झालेला. त्यानं माझ्या कायमच्या राहण्याचे कागद तयार केले होते. सोमवारी वकिलाकडे जाऊन सही करायची होती. सही झाली की नागपूरच्या दोन खोल्यांची किल्ली मालकाला परत द्यायची. त्याच खोल्या, जिथे तू बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरांची खानावळ चालवलीस. आई, मला परत जायचं होतं. एवढंच वाक्य होतं, पण ते जिभेवर यायचं आणि वरणभाताबरोबर गिळलं जायचं. पोरानं काय कमी केलं होतं? नळाला गरम पाणी, मला वेगळी खोली, दर रविवारी मराठी सिनेमाची कॅसेट. पण सकाळी आठला सगळे पांगले की संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रिजची घरघर. मला गाडी येत नाही, रस्त्याला माणूस दिसत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. पण इथे मारणाराही कोणी नव्हता. मग रडायचं तरी कोणाच्या नावानं?

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी पोरानं मला नि नातीला व्हरमाँटला नेलं. सुनेला ड्यूटी होती. बर्फावर घसरायला माणसं जातात तो डोंगर. एक नाही, खांद्याला खांदा लावून पाच-सहा डोंगर. पायथ्याला हॉटेलं, भाड्यानं बूट देणारी दुकानं, आणि वर जायला तारेवर लटकणारे काचेचे डबे. "आई, घसरू नकोस, पण वर जाऊन बघ तरी," पोरगा म्हणाला. मी पातळावर त्याचं जाकीट चढवलं, आत सुनेची लोकरी विजार, आणि मांडीवर धपाट्यांचा डबा. काचेच्या डब्यात आमच्यासमोर एक म्हातारा-म्हातारी बसली. तिच्या जाकिटाला कोपरावर चिकटपट्टी लावलेली होती.

अर्ध्या वाटेवर डबा गचकन थांबला आणि वाऱ्यानं झोपाळ्यासारखा हलू लागला. खाली झाडांचे नुसते शेंडे.

"वारा पडला की सुरू होईल," म्हातारा म्हणाला, जणू चहाला उकळी आली की गाळू.

"एवढा मोठा डोंगर आणि कोणी शिंकलं की डबे बंद!" म्हातारी म्हणाली.

थोडं मला कळत होतं, थोडं पोरगा कानात सांगत होता. त्यानं विचारलं, "तुम्ही नेहमी येता इथे?"

"बावीस वर्षं," म्हातारा म्हणाला. "आणि याला बर्फ म्हणतात का? दुपारनंतर नुसती काच होते, काच!"

"पण नोव्हेंबरात दुसरे डोंगर कोरडे असतात तेव्हा हे लोक यंत्रं लावून बर्फ पाडतात, ते बोल की," म्हातारी म्हणाली.

"पाडतात. आणि सगळ्या वाटा खाली एकाच जागी आणून सोडतात. शनिवारी तिथे उभं राहायला जागा नसते."

"वरून झाडीतून येणारी ती लांब वाट मात्र दुसरीकडे कुठे नाही हं."

"वाट चांगली, पण पाट्या कोणी लावल्या देव जाणे. ही एकदा भलत्याच बाजूला उतरली. मी इकडे सूप पीत बसलो आणि ही तिकडून बसनं आली."

"तासभर काय शांतता मिळाली होती मला!" म्हातारी म्हणाली. पोरगा एवढ्या जोरात हसला की डबा आणखी हलला.

आई, मला वाटलं मी खानावळीच्या मागच्या दारातच उभी आहे. तुझे मेंबर असेच बोलायचे. पोळी मऊ, पण भाजीत पाणी फार. वांगं झकास, पण वाटी केवढीशी! तू आत कणीक तिंबता तिंबता हसायचीस. म्हणायचीस, "नावं ठेवणारा उद्या जेवायला येतो. जो 'छान छान' करतो ना, तो महिना भरला की दुसरी खानावळ धरतो."

मी धपाट्यांचा डबा उघडला. अडकलेल्या माणसांना उपाशी कसं ठेवायचं? म्हातारीनं धपाट्याला लसणाची चटणी लावून खाल्लं. "चांगलं काय, तर मऊ आहे," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि वाईट काय, तर माझी जीभ जळून गेली!" मग दुसरं मागितलं. किती दिवसांनी कोणी माझ्या हातच्या खाण्याला नावं ठेवली! मला इतकं बरं वाटलं.

त्यावरून खेळच सुरू झाला. या डोंगराचं एक चांगलं आणि एक वाईट, प्रत्येकानं सांगायचं. नात म्हणाली, "हॉट चॉकलेट गुड. डॅडी ओरडतो, बेंड युवर नीज, बेंड युवर नीज, दॅट इज बॅड." मग सगळे माझ्याकडे वळले. पोरगाही बघत होता, आणि त्याच्या नजरेत डोंगर नव्हता, सोमवार होता. वाक्य अगदी दातांपर्यंत आलं.

"एव्हरीथिंग व्हेरी नाइस," मी म्हणाले.

"असं नाही चालायचं! एक तरी वाईट हवं," म्हातारी म्हणाली. तेवढ्यात डब्याला हिसका बसला आणि तो चालू लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरानं सुटकेचा श्वास सोडला. "बघ, आवडलं ना तुला!" तो म्हणाला.

खाली आल्यावर जेवणघराच्या दाराशी पिवळी कार्डं ठेवली होती. एका अर्ध्या भागात काय आवडलं ते लिहायचं, दुसऱ्यात काय नाही आवडलं ते. दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. पोरगा सूप आणायला रांगेत लागला होता. मी नावडीच्या बाजूला मराठीत लिहिलं : मला नागपूरला जायचं आहे. खोल्यांना कुलूप आहे, दिवा लावायला कोणी नाही. नातीनं मान वाकडी करून पाहिलं. "आजी, व्हॉट डिड यू राइट?" "छान आहे म्हणून लिहिलं," मी म्हणाले आणि कार्ड पेटीत टाकलं. कोणा बिचाऱ्या साहेबानं ते उलटंसुलटं करून पाहिलं असेल आणि फेकलं असेल. वाचू शकणारा माणूस दहा पावलांवर ट्रे घेऊन उभा होता.

सोमवारी मी सही केली. खोल्या गेल्या. आता मी इथल्या बेचव टोमॅटोला नावं ठेवते, बर्फाला ठेवते, शेजाऱ्याच्या भुंकणाऱ्या कुत्र्यालाही ठेवते, आणि पोरगा हसतो. त्याचे केस माझ्याहून पांढरे झालेत. पण "आई, तुला इथे बरं वाटतं ना?" असं तो विचारतो तेव्हा अजून तोंडातून 'छान'च येतं. काल नातीलाही तेच सांगितलं. छान आहे म्हणून लिहिलं होतं, बाई.

तुला तो आमटीचा दिवस आठवतो का? मी आठ-नऊ वर्षांची होते. एका मेंबरनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि मी दारातूनच ओरडले, "आज खारटच झालीय!" तू मला आत ओढून दंडाला चिमटा काढलास. "घरच्याच माणसानं पानातल्या अन्नाला नावं ठेवायची?" मग आपल्या वाटणीचं दही सगळ्यांना वाढून आलीस. पुढे किती दिवस मीठ टाकताना तुझा हात थबकायचा. "माझा अंदाज असा कसा चुकला गं?" असं तू मला विचारायचीस आणि मी भांडी घासत राहायचे.

हे पत्र मेथीच्या काड्यांबरोबर कचऱ्यात जाईल. त्या डोंगरावर निदान पेटी तरी होती. तुझा अंदाज चुकला नव्हता, आई. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा तुला मदत म्हणून मी आमटीत मूठभर मीठ टाकलं होतं.