चौदा तास पन्नास मिनिटं

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मिळालं. बावीस तारखेला कमरेच्या हाडाचं ऑपरेशन, घरात करायला कोणी नाही, महिनाभर ताईने येऊन राहावं. लिहिलंयस छान. लहानपणी पडलास की आधी माझ्याकडे बघायचास, ताई बघतेय अशी खात्री झाली की मगच भोकाड पसरायचास. वाचताना तेच आठवलं.

अंतराचंही लिहिलंस. "बारा हजार सातशे किलोमीटर ऐकून घाबरू नकोस, सरळ विमान आहे, चौदा तास पन्नास मिनिटं, एक झोप काढलीस की माझ्या दारात."

मी तीस वर्षं विमानकंपनीच्या तिकीट खिडकीवर बसले, हे विसरलास. इकडून तिकडे जाताना वारा समोरून असतो, सोळा तासांच्या आत कधीच कोणी पोचलं नाही. चौदा पन्नास लागायचे ते तिकडून इकडे यायला. तेही सहा वर्षांपूर्वी. खात्री म्हणून आजचं वेळापत्रक काढून पाहिलं. मार्ग बदलल्यापासून परतीलाही साडेपंधरा तास लागतात. तुझा आकडा त्या एकाच वर्षाचा आहे. आई गेली त्या वर्षाचा.

तेव्हा तू फोनवर म्हणालास, "निघालो ताई, दोनदा विमान बदलायचंय, एकतीस तास लागतील." मी आईच्या कानाशी जाऊन सांगितलं. तिला स्वतःला श्वास पुरत नव्हता, आणि म्हणते कशी, "एकतीस तास! पाय सुजतील गं त्याचे. गरम पाणी तयार ठेव." पाळी बदलून नवी नर्स आली की तिच्यादेखत मला विचारायची, "कुठपर्यंत आला?" समुद्रावर आहे, म्हणायचे मी. डोंगर ओलांडले. आता उतरेल. मला मार्ग पाठ होता, म्हणून तुला पुढे पुढे आणत राहिले. तिसाव्या तासाला तिने माझ्याकडून केस विंचरून घेतले. चौतिसाव्या तासाला गेली, दाराकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी तू फोनवर रडलास. मधलं विमान चुकलं, तिथूनच मागे फिरलो, असं सांगितलंस. वर म्हणालास, "सरळ विमान आहे हे मला ठाऊक असतं तर, ताई!" खिडकीवर माणसाचा चेहरा पाहून मी थापा ओळखायचे. फोनला चेहरा नसतो. मी विश्वास ठेवला, आणि नातेवाइकांपुढे सहा वर्षं तुझी बाजू घेऊन भांडले.

सरळ विमान तुला मिनिटांसकट ठाऊक होतं. तू ते पाहिलंस आणि बाजूला सारलंस. तू घरातून निघालाच नव्हतास.

आता माझं ऐक. पासपोर्ट तयार आहे, गुडघे ठणठणीत आहेत, वीस तारखेच्या विमानात जागा आहे, मी स्वतः पाहिली. मला येता येतं. मी येणार नाही. निघाले म्हणून कळवावं आणि तुला दाराकडे बघत ठेवावं, असंही एकदा मनात आलं होतं. पण वाट बघणाऱ्याशी खोटं बोलणं तुला जमतं, मला नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या नर्सने विचारलं, "बहीण कुठपर्यंत आली?", तर तिला सांग, घरीच आहे.

काही झालं तरी तुझीच,
ताई