पंचनाम्यात माझं नाव नाही

गुरु. ५ जानेवारी १९७८, जालना

गाडी ठोकली. म्हणजे मी नाही ठोकली. हे पहिल्या ओळीतच लिहून ठेवते, कारण आज भेटेल तो "कुठं ठोकली हो बाई?" असंच विचारून राह्यला. आपल्याला कुणी ठोकलं का, हे विचारायचं एकालाही सुचत नाही.

झालं असं. केदारखेड्याचा बाजार, दर गुरुवारसारखी तिथल्या दवाखान्यात पेशंट तपासायला गेल्ते. आईंना (सासूबाईंना) मिरच्या घ्यायच्या होत्या म्हणून त्या मागच्या सीटवर. बाजाराच्या तोंडाशी कापसाची ट्रॉली आडवी दिसली, मी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद. हसनाबादच्या साहेबराव पाटलांचा नवा कोरा ट्रॅक्टर. त्यांना जायचं होतं पुढं, ट्रॅक्टर आला मागं. मी हॉर्न दाबून दाबून दमले. ट्रॉली सरळ बॉनेटवर! बॉनेटचा पापड, एक दिवा फुटला, रेडिएटरचं पाणी रस्त्यावर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आईंचा पहिला शब्द, "माझा चष्मा कुठाय?" नाकावरच होता.

साहेबराव उतरले, दोन्ही कान धरले. "बाई, बिलकुल माझीच चूक. मशीन नवंय, गिअर गावंना." भला माणूस. तेवढ्यात एका अडलेल्या बाईसाठी बोलावणं आलं, मी बॅग उचलून पळाले. पोलीस चौकीतला जमादार आला, गणपतरावांच्या हॉटेलात बसून पंचनामा झाला, मी इकडं आतच. मुलगी झाली. छान रडली.

मंग साहेबरावांच्याच ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी जालन्याला आणली. स्टिअरिंगवर मी, आई ट्रॉलीत कापसावर. उतरल्या तेव्हा केसात कापूस आणि तोंडात तक्रार.

शुक्र. ६

सरांनी फक्त विचारलं, "लागलं नाही ना?" (सगळं जालना माझ्या नवऱ्याला सर म्हणतं, मग मीही.) मी नाही म्हटल्यावर पेपर वाचायला बसले. आईंचं मात्र सकाळपासून सुरू. "आता डायव्हर ठेवा, न्हाईतर ती काळी म्हैस विकून टाका." म्हैस म्हणजे गाडी.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाहिलं आणि मान हलवली. विम्यानं दिलं तर दुरुस्त करा म्हणाला, पदरचं घालण्यात अर्थ नाही. आणि विकायचीच झाली तर घ्यायला तो स्वतः तयार! डोळा आहे मेल्याचा.

जेवताना ठराव झाला. विमा मंजूर झाला तर गाडी राहील, मीच चालवीन, आई एक अक्षर बोलणार नाहीत. नामंजूर झाला तर विकायची. म्हणजे केदारखेड्याचा गुरुवार बंद, कारण येष्टीच्या वेळा सांभाळून कुणाचं बाळंतपण होत नसतं. मी बिनधास्त हो म्हटलं. गाडी उभी होती, चूक दुसऱ्याची, लायसन्स पक्कं. अडणार कुठं?

सोम. ९

क्लेमचा अर्ज औरंगाबादला रवाना. 'वाहन कोण चालवीत होते' समोर माझं नाव ठसठशीत लिहिलं. सर म्हणाले, प्रिस्क्रिप्शनपेक्षा अक्षर बरं आलंय.

मंगळ. १०

पंचनाम्याची नक्कल आली. डोकं फिरलं.

"सदर मोटार गुरुजी स्वतः चालवीत असून त्यांच्या पत्नी व मातोश्री मागील आसनावर बसलेल्या होत्या."

गुरुजी! ज्या माणसाला सायकलवर डबलसीट घेता येत नाही, तो माणूस! त्या वेळी गुरुजी इथं जालन्यात नववीला भूमिती शिकवत होते. सरांनी वाचलं, हसता हसता ठसका लागला. "कशी चालवली गं मी?" मी मुळीच हसले नाही. मंग हसले.

पण भानगड साधी नाही. सरांकडं लायसन्स नाही, कधी नव्हतं. बिनलायसन्सी माणूस चालवत होता असं ठरलं की क्लेम गेला. वर मी अर्जात खोटं लिहिलं असं होणार ते वेगळंच.

गुरु. १२

येष्टीनं केदारखेड्याला. अर्धेच पेशंट झाले, बाकीच्या बायका बसून बसून परत गेल्या. वाईट वाटलं.

हॉटेलात साहेबराव नि गणपतराव दोघं सापडले. दोघंही पंचनाम्यावर सही केलेले. मी कागद समोर धरला. साहेबराव खुशीत. "बराबर लिव्हलंय की बाई! टॅक्टर मागं आला, मोटार उभी होती, चूक माझी. एक शब्द लपवला का मी?"

"आणि गाडीत सर कुठून आले?"

"ते होय. ते तुमच्यासाठीच केलं. बाईमाणसाचं नाव पोलिसात? आम्ही काय मेलो होतो का?"

स्वतःची चूक कबूल करणारा इतका खरा माणूस, आणि माझ्या भल्यासाठी मलाच मागच्या सीटवर नेऊन बसवलं. म्हटलं, बदला आता. तर दोघं एकमेकांकडं बघू लागले. गणपतराव म्हणाले, "आम्ही आपल्या मनानं न्हाई सांगितलं बाई."

"मग कुणी सांगितलं?"

"चहा घ्या."

चहा घेतला. नाव काही सांगितलं नाही.

शनि. १४

संक्रांत. शेजारच्या काकूंनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. विम्याचा सर्व्हेअर गाडी बघून जाईपर्यंत जमतंय का बघते.

मंगळ. १७

सर्व्हेअर आला. बारीक, अतिशय नम्र, पायपुसण्यावर तीनतीनदा पाय पुसणारा. मिस्त्रीकडं जाऊन फोटो काढले, टेपनं मापं घेतली, मग घरी येऊन माझ्यासमोर घसा खाकरत बसला.

"बाई, राग नका मानू. साहेबच चालवत होते ना?"

मी लायसन्स पुढं केलं. त्यानं पाहिलं, आदरानं परत दिलं. "लायसन्स बऱ्याच बायका काढून ठेवतात हो." मी म्हटलं, गाडी इथवर ओढून आणली तेव्हा स्टिअरिंग धरून मीच होते, सगळ्या रस्त्यानं पाहिलंय. "ओढताना बसला असाल, ते वेगळं. मिस्टरांना वाचवावंसं वाटतं, घरोघरी तेच आहे."

अरे देवा! तिकडं सर मला वाचवायला बसवलेले, इकडं मी सरांना वाचवून राह्यले! आणि गाडी चालवायला कुणीच नाही. सर्व्हेअरच्या हिशोबानं ती आपली आपणच केदारखेड्याला गेली असावी.

पण माणूस वाईट नाही. म्हणाला, "मी फक्त पाहिलं ते लिहितो. पुढच्या मंगळवारी परत येतो. गाडीत बसलेल्या कुणी स्पष्ट सांगितलं तर तसं लिहीन. कोण होतं सोबत?"

"सासूबाई."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम बंद. मी हाक मारली. आतून उत्तर, "मला बरं न्हाई." सकाळी तर दोन भाकरी खाऊन शेजारणीशी भांडल्या होत्या.

तेव्हाच कळलं.

तो गेल्यावर आत गेले. चांगली तापले होते. "जमादाराला तुम्ही सांगितलं?"

"हो." परातीकडं बघत. "मंग काय करू? तो वही काढून उभा. भोवती सगळा बाजार. आपल्या वस्तीत पोलीस आला की पयलं आपल्याच माणसांची नावं लिव्हायचा. चोरी कुठं का होईना. माझ्या बापाचं लिव्हलं, भावाचं लिव्हलं. एकदा लिव्हलं की मिटत नसतं ते. म्हणून लेकाचं सांगितलं. तो मास्तर हाय, त्याला कोण हात लावतंय. तुझं नको वाटलं."

मी भांडायला गेल्ते. पाटावर बसून रडले. आई म्हणाल्या, "आता तू कशाला रडती, खोटं मी बोलले." मग त्याही रडल्या. सर आले, दोघींना बघून आल्या पावली शाळेत परत. शहाणा माणूस.

नंतर समजावलं. माझं नाव वहीत आलं तरच गाडी वाचते. "ते कळतंय गं," म्हणाल्या. "पण भीती वाटती."



गुरु. १९

केदारखेडा. साहेबरावांना सगळं सांगितलं. त्यांचं स्पष्ट. "म्हातारीनं सांगितलं म्हणून आम्ही सांगितलं. तिनं बदललं की आम्हीबी बदलतो, गणपतरावबी. पण तिच्या आधी न्हाई. तिला खोटं पाडून कसं चालंल?" म्हणजे सगळं घोडं आईंपाशी अडलेलं. येताना हुरड्याची पिशवी हातात कोंबली, आईंसाठी.

आईंनी निरोप ऐकत हुरडा संपवला.

रवि. २२

मागच्या दारी आई कपडे धूत एकट्याच बोलून राह्यल्या. कान दिला. "सायेब, माझी सून..." आपटलं. "न्हाई. सायेब, आमची डॉक्टरीण..." परत आपटलं. सरांच्या शर्टाचं एक बटण गेलं.

मी पाय न वाजवता आत आले. विचारायची हिंमत झाली नाही.

मंगळ. २४

आईंनी सकाळीच पांढरी साडी नेसली. फक्त विहारात जायची साडी. मी काय समजायचं ते समजले.

सर्व्हेअर आला, पाय पुसले. आई समोरच्या खुर्चीवर ताठ. त्यानं विचारलं, "आजी, गाडी कोण चालवत होतं?"

आई त्याच्या पेनाकडंच बघत राहिल्या. मला वाटलं, उठतात आता.

"आधी तुम्ही सांगा. हे लिव्हल्यावर तिला कुणी न्यायला येतं का?"

तो बिचारा गडबडला. पेन खाली ठेवलं. "नाही आजी. कुणी नाही येत."

"मंग लिव्हा. चालवत न्हवतं कुणी, गाडी उभी होती. उभी माझ्या सुनंनं केल्ती. माझ्या लेकाला बैलगाडी हाकता येत न्हाई, मोटार काय हाकतो. पयलं मी खोटं सांगितलं, तेबी लिव्हा. माझ्या नावानं लिव्हा."

दारात उभे सर म्हणाले, "बैलगाडीचं काढायची गरज होती का?" सर्व्हेअर हसला, पहिल्यांदाच. आईंनी अंगठा उठवला.

जाताना म्हणाला, मी माझ्या बाजूनं चांगलं लिहितो, पण पंचनामा वेगळं बोलतोय तोवर वरचे साहेब काय ठरवतील सांगता येत नाही. जमादाराकडं जबाब दुरुस्त करून घ्या. आईंचा चेहरा पडला. जमादार म्हणजे खरा पोलीस.

गुरु. २ फेब्रुवारी

येष्टीनं केदारखेडा. आज आई सोबत. वाटभर पदराचं टोक पिळत होत्या.

चौकीच्या पायरीपाशी थबकल्या. "जन्मात कधी चढले न्हाई मी." मी म्हटलं, आई, परत जाऊ या. गाडी गेली तर जाऊ दे. खरंच म्हटलं, मनापासून. त्या पायरीपुढं मला गाडीचं काही वाटेना.

"गप," म्हणाल्या, आणि चढल्या.

साहेबराव नि गणपतराव आधीच येऊन बसलेले. जमादारानं खुर्ची दिली. आईंनी सगळं सांगितलं, न अडखळता. त्यांच्या मागोमाग त्या दोघांनी. जमादार पुटपुटला, "एवढ्याशा गोष्टीला नवा जबाब," पण लिहिला.

क्लेमचं अजून काहीच नाही. औरंगाबादची फाइल वर गेलीय म्हणतात. मिस्त्री परवा पुन्हा विचारून गेला, विकायची का. मंजूर होईल असं रोज सकाळी वाटतं, दुपारी वाटत नाही.

जमादारानं जबाब वाचून दाखवला. "...सदर मोटार डॉक्टर सुमनबाई यांच्या ताब्यात होती..." आम्ही उठलो. आई उठल्या नाहीत.

"परत वाचा," म्हणाल्या.

"बरोबर लिहिलंय आजी."

"बराबरच हाय. मला ऐकायचंय. तिचं नाव हाय तिथून वाचा."

त्यानं वाचलं.