कडू शेंगदाणे

लक्षतीर्थ वसाहत, कोल्हापूर
१२ डिसेंबर

प्रिय आईस,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. बाळी तीन महिन्यांची झाली, आता खुदकन हसते. दादाचा ऊस तुटला का?

फोन केला की स्पीकरवर अख्खं घर ऐकत असतं, म्हणून लिहिते.

तू पाठवलेल्या शेंगदाण्यांचं तुला तीनदा सांगितलं. तीनदा तू म्हणालीस, "आमी जन्मभर खाल्लं, काय झालंय आमाला?" आता नीट वाच. मेडिकल कॉलेजवाल्यांनी आम्हा बाळंतिणींचं दूध तपासायला नेलं होतं. माझ्या दुधात बुरशीचं विष निघालं. पावसात भिजलेल्या शेंगा तुम्ही ताडपत्रीखाली दाबून ठेवल्या, तिथंच त्या बुरसल्या. भाजून, गूळ घालून लाडू वळले तरी ते विष जात नाही. चांगल्या शेंगा बाजारात गेल्या आणि काळ्या पडलेल्या तेवढ्या लेकीला आल्या, याचा मला राग आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेंगदाणे बंद करा, अंगावर पाजणं बंद करू नका. थोड्या दिवसांत दूध निवळेल." पण सासूबाई ऐकतील तर! "तुज्या दुधातच इख हाय," म्हणत पावडरीचा डबा घेऊन आल्या. बाळी बाटली थुंकते, माझी छाती दगडासारखी होते आणि हे म्हणतात, "आईचं ऐक की." कुणाकुणाशी भांडू?

खरं सांगू? दाणे कडू आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माहेरचं टाकलं तर सासूबाई बोलतील, म्हणून खात राहिले.

आणि त्यातलेच वीस लाडू मी शेजारच्या कुलसुमला दिले. तिचा मुलगा दीड महिन्याचा आहे. मला कळा आल्या तेव्हा अवघडलेली असून तीच रिक्षा आणायला पळाली होती. रिपोर्ट आल्यावर चार दिवस मी तिच्यासमोर जायचं टाळलं. काल सांगितलं. ती ओरडली नाही. "सकाळीच शेवटचा खाल्ला की गं. चार दिस का गप ऱ्हायलीस?" एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं.

आज मी सासूबाईंच्या देखत बाळीला पदराखाली घेतलं. त्या उठून गेल्या. बाळी पोटभर प्यायली.

उरलेलं पोतं बाजारात नेऊ नकोस. म्हशीलाही घालू नकोस, तिच्याही दुधात ते उतरतं. खड्डा काढून पुरून टाक. दादा काय म्हणेल ते म्हणू दे. पुरल्याशिवाय मला फोन करू नकोस.

मी आता पुन्हा कुलसुमचं दार वाजवायला जाते.

रागावलेली, तरी तुझीच,
अनुजा