दादाच्या रकान्यातले गुण

चिमणे,

आज पहिली शिफ्ट आहे, म्हणून तू उठायच्या आत बेकरीत चाललेय. दूध झाकून ठेवलंय, आजीकडून गरम करून घे.

काल त्या समुद्रातल्या कार्टून सिनेमाला नेहमीसारखे सगळ्यांनी फ्रिजवरच्या कागदावर गुण दिले. आजीने चार, कारण मासे फार बडबडतात. बाबांनी आठ, निम्मा सिनेमा घोरत काढूनसुद्धा. तू दहा दिलेस, आणि दादाच्या रकान्यातही दहा लिहिलेस. मी ओरडले, ते खोडलं. चुकलं माझं. दादा गेल्यापासून तो रकाना मला बघवत नाही गं.

पण त्याने कधी कुणाला दहा दिले होते का? त्या खेकड्याला पोट धरून हसला असता आणि तरी सातच दिले असते.

मी सात लिहिलेत.

आई