दाताला पॉलिश

२ मार्च
आज ठरलं. पंधरा दिवसांत माझे दात पांढरे. कारण नात. येलेना, वय सात. तिचे दुधाचे दात शिळ्या चहाच्या रंगाचे होते, आता पुढचे दोन नवे आलेत तेही तसेच. माझ्या वडिलांचे तसे, माझे तसे, तिच्या बापाचे तसे (तो मिशीखाली झाकतो). सतराला शाळेत फोटो. पोरगी म्हणते, मी तोंडावर हात ठेवूनच बसणार. मी शब्द दिला: आधी आजोबांचे पांढरे होतील, मग तुझे, पण फोटोत हात काढायचा. स्वतःसाठी काही नाही. सदुसष्टाव्या वर्षी मला कोण बघतंय.

३ मार्च
समोरचा दुकानदार कोस्ता म्हणाला, नेव्हन, तू तोंड उघडलंस की खाणीतला दिवा गेल्यासारखं वाटतं. हे कोण म्हणतंय? काळ्या दगडावर ओपलचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा तुकडा चिकटवून पर्यटकांच्या गळ्यात मारणारा माणूस. डबलेटवाला. ओपलच्या खाणींच्या या अख्ख्या कूबर पीडी गावात चाळीस वर्षं ओपल घासून गोंदाला न शिवलेला एकटा मी. मनावर घेतलं नाही. संध्याकाळी त्याच्या दुकानात पुन्हा गेलो ते हेच सांगायला.

६ मार्च
औषधाच्या दुकानातल्या दात उजळायच्या पट्ट्या. तीन दिवस. फरक स्पष्ट आहे. हिरड्या पांढऱ्या झाल्या.

९ मार्च
अॅडलेडहून दातांची डॉक्टरीण आली होती. कालची पोर. म्हणे, रंग वरचा नाही, दाताच्या आतला आहे, जन्माचा आहे, उजळून जाणार नाही. वरचा थर कच्चा, त्याचे टवके उडतात, म्हणून टोप्या बसवायच्या. नातीला तूर्त दातांवर पांढरा लेप देता येईल, तिला लवकर आणा. वर चिकटवायचे पातळ पापुद्रेही असतात, पण तुमच्या दातांवर टिकतील असं नाही. मी म्हटलं, बाई, डबलेट आमच्या घरात चालत नाही. उठून आलो. शिकलेली आहे, पण पॉलिशमधलं काही कळत नाही.

११ मार्च, सकाळ
स्लाव्का म्हणते, पोरीला ने तिच्याकडे, तुझं थोबाड मी चाळीस वर्षं चालवून घेतलंय. बायकोला मूळ प्रश्नच कळलेला नाही. ओपल घासायच्या मोटरवर नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, चाक चढवलं, पॉलिशची पूड ओली केली. दात म्हणजे शेवटी दगडच. पहिली दहा सेकंदं उत्तम.

११ मार्च, सकाळ, थोड्या वेळाने
वरच्या पुढच्या दाताचा मोठा टवका उडाला. चाक जुनं आहे.

१५ मार्च
रंग न खेळणारा पांढरा ओपल आम्ही कचऱ्यात टाकतो. त्यातला एक तुकडा नखाएवढा पातळ घासला. दोन नळ्यांचा गोंद कालवला. तुटक्या दातावर बसला. हे डबलेट नव्हे. कोस्ता फसवण्यासाठी चिकटवतो, मी नातीसाठी. स्लाव्का म्हणाली, जीभ चिकटली तर मला हाक मारू नकोस म्हणजे झालं.

१७ मार्च
शाळेचं मैदान. येलेना बाकावर, तोंडावर हात. मी फोटोग्राफरच्या मागे उभा राहून हसून दाखवलं. कोस्ता नातवाला घेऊन आला होता. हा माणूस मयतालाही खिशात भिंग घेऊन जातो. भिंग माझ्या तोंडाशी धरून चारचौघांत म्हणाला, डबलेट आहे, आणि गोंदही हलका. त्याला खडसावायला तोंड उघडलं तर तुकडा खाली. मी गुडघ्यांवर बसून वाळू चाळू लागलो. येलेना ओरडली, आजोबा, तुमचा दात पळाला. आणि दोन्ही हातांनी पोट धरून हसायला लागली. तेवढ्यात त्या फोटोग्राफरने कळ दाबली. सगळे दात दिसले असणार, घराण्याच्या रंगासकट. पुन्हा काढू का, त्याने विचारलं. ती म्हणाली, नको, हाच.
तुकडा सापडला नाही. कोस्ताही शोधत होता, हे उगाच.

२४ मार्च
फोटो आला. येलेनाने स्वतः भिंतीवर लावला. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई येतील, आजोबा तुला नेतील. ती म्हणाली, आधी तुमचा दात, तो तुटलाय. मग माझे बघू, मला घाई नाही. तुम्ही घाबरू नका, मी हात धरीन.
मी घाबरत नाही. तिला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं.