उचललेल्या पाइपची सावली

१२ नोव्हें., बुध.
जहाजावरून निखिलचा फोन. बंद पडलेल्या तेलक्षेत्राचा तळ साफ करताहेत. जाड तारा, साखळदंड, गंजके पाइप. आई म्हणाली, ‘‘इंदूरचा मुलगा, समुद्रात गेला तरी झाडूच मारतो.’’ तिघंही हसलो. त्याच तळाची सोनार-चित्रं, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेली, आमच्या स्नेहलतागंजच्या ऑफिसात तपासायला येतात. भाऊ तिथे पाणबुड्या आहे हे ऑफिसात सांगितलेलं नाही. कळलं तर काम काढून घेतील.

१४ नोव्हें., शुक्र.
चित्रात आज जुनी गॅस-लाइन. गॅस काढून आत पाणी भरलंय म्हणे. म्हणजे जड, तळाला चिकटून पडायला हवी. पण मधल्या भागाची सावली लांब. वस्तू जेवढी उंच तेवढी सावली लांब, आमचं सगळं काम एवढंच. इथे प्रत्येक पाहणी सुटी तपासतात, मागची कुणी उघडत नाही. मी उघडली. त्यात सावली जवळजवळ नव्हतीच.
पाण्याने भरलेला पाइप वर कशाला येईल?

१७ नोव्हें., सोम.
नवी पाहणी. सावली आणखी लांब. आत गॅस राहिलाय, दुसरं काय. भीती वाटतेय. असा पाइप कापला तर उसळून वर येईल. ऑफिसात आमचे वरिष्ठ गोरे सर म्हणाले, ‘‘अरे, नीचे की मिट्टी बह गई असेल. सिंपल आहे.’’ मग शेजारच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची सावली होती तेवढीच कशी? गाळ काय एकट्या पाइपखालचा गेला?
नि.ला विचारलं, कापायची लाइन कोणती.
‘‘तीच गं ताई. गुरुवारी. पहिला मी उतरणार.’’
सगळं सांगितलं. म्हणाला, ‘‘वरून ओके आलंय ना. तू टेन्शन नको घेऊ यार, पोहे खा.’’
वरून म्हणजे आमच्याकडूनच.

१८ नोव्हें., मंगळ.
सरांना सांगून टाकलं, खाली माझा भाऊ आहे. तिथेच माती खाल्ली. सरांनी चहा मागवला, मग अगदी प्रेमाने, ‘‘देख, भाऊ तिथे आहे ना, म्हणून तुला असं दिसतंय.’’ मी लावलेली धोक्याची खूण त्यांनी काढली, फाइल स्वतःकडे घेतली. संताप, संताप. भाऊ नसता तर मी मागची पाहणी उघडलीही नसती, हेही खरंच.
तिन्ही चित्रं थेट जहाजावरच्या डाइव्ह-प्रमुखांना पाठवली. नोकरी गेली तर गेली.

१९ नोव्हें., बुध.
प्रमुखांचं उत्तर, ‘‘देखते हैं।’’ बस. नि.चा फोन बंद.
आई त्याच्यासाठी लाडू वळतेय, महिनाअखेरीस येणार म्हणून. मला चव बघायला दिला. हातातच धरून ठेवला. गोड झालाय म्हटलं.

२० नोव्हें., गुरु.
जेवायच्या सुट्टीत सरांनी स्वतःच बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर आज सकाळची पाहणी, रोबोटने जवळून घेतलेली. शेजारी मागच्या तिन्ही उघडून ठेवलेल्या. पाइप कमानीसारखा वर आलाय. त्याच्या बाजूला एक छोटा उजळ ठिपका, ठिपक्यापासून वर जाणारी बारीक रेघ. पाणबुड्याची हवेची नळी.
सर माझ्याकडे बघत नव्हते. ‘‘पहिला कोण उतरणार होता?’’
सांगितलं.
चित्र सकाळचं आहे. तेव्हापासून सर जहाजाला फोन लावताहेत. आता मी लावतेय. रिंग जाते, कुणी उचलत नाही. मध्येच आईचा फोन येऊन गेला. मी घेतला नाही